घोडी सुटली आहे

ऑर्लांदा पेटी उघडते आणि विचारते, कधी मिळेल?
अजून माझे हातही पुसून झालेले नाहीत.
रॉटरडॅमहून दोन विमानं बदलून आलेली गिटार,
पोटात मोज्यांचे जोड कोंबलेले,
आणि घोडी मागच्या कडेनं उचललेली.
जुनं पोस्टकार्ड फटीत सरकवून बघतो,
खुंट्यांच्या भोकापाशी जाऊन अडतं.

"शनिवारी. पण आधी कळू दे
तुझ्या बापानं इथं काय काय ओतलंय."

बाप जहाजावर. इंजिनखोलीत सव्वीस वर्षं.
गळतं ते बुजवायचं, हलतं ते जखडायचं,
हाच त्याचा धंदा.
तापवलेल्या पात्यानं मी घोडी सोडवत जातो
आणि थर निघतात:
वर बोटीच्या तळाला लावतात तो पिवळा इपॉक्सी,
त्याखाली झटपट डिंकाचे काचेसारखे थेंब,
तळाशी सुताराचा पांढरा, कुजकट, दुधाच्या सायीसारखा.
तीन वेळा सुटली, तीनदा त्यानं चिकटवली,
आधीचं कधीच न खरवडता.
डिंकाला डिंक धरत नाही, अन्सेल्मो,
लाकडाला लाकूड लागतं.
(हे मी कुणाला सांगतोय? मिंदेलोच्या वाऱ्याला.)

एडमिल्सन माझ्या हाताखाली येऊन सातवा महिना.
म्हणतो, परत इपॉक्सीच लावू,
खड्डाही भरेल, घट्टही बसेल, एका दगडात दोन.
खड्डा आहे खरा. पात्याबरोबर
स्प्रूसचे तंतूही उपटून आले,
नखाएवढी जागा, पण ओढ जिथं सगळ्यात जास्त तिथंच.
म्हणतो, नाहीतर लांबी भरू,
भुसा कालवून, वरून कुणाला दिसणार?

लांबी डोळ्यांसाठी असते, पोरा.
सहा तारा मिळून एका माणसाएवढं वजन ओढतात,
आणि भुश्याला तंतू नसतात.
मोडक्या गिटारीच्या छातीतून चिरोटी काढतो,
रेषेला रेष जुळवून बसवतो,
पटाशीनं सपाट करतो, गालाला लावून बघतो.
खुंट्यांची भोकं मात्र पसरली आहेत.
तिथं शिसवीचा भुसा नि झटपट डिंक, मुकाट्यानं.
मी काही संत नाही.

शुक्रवारी ती डोकावते.
"काय लावणार?"
सरस, म्हणतो. जनावराच्या कातड्याचा.
रात्रभर पाण्यात फुगवलेला, कोमट करून.
"म्हणजे पुन्हा सुटेल?"
उन्हात गाडीत विसरलीस तर सुटेल.
किंवा कुणी ठरवून, ऊब देऊन सोडवली तर.
"बाबांना ती कधीच सुटायला नको होती."
खिडकीची काच वाऱ्यानं वाजत राहते.
"त्यांनी लावलेलंच लाव."

मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.
दराची पाटी बघतो. दोन्हीचे पैसे सारखेच.

रात्री एडमिल्सन दोन्ही लाकडं शेकोटीसारखी तापवतो.
सरस गोठायला वेळ लावत नाही,
हात दोघांचे लागतात आणि बोलायला फुरसत नसते.
लावलं, दाबलं, शिकंजे आवळले,
कडेनं मधासारखा ओघळ आला तो ओल्या फडक्यानं टिपला.
कोणतं सरस, कोणतं निरस, ते पुढचा ठरवील,
त्याच्यासाठी आतल्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं:
तारीख, आणि कशानं चिकटवली ते.
"तिनं विचारलं तर?" एडमिल्सन म्हणतो.
खिडकी उघडी ठेव, म्हटलं, वास जाऊ दे.

शनिवारी तारा चढवतो, एकेक, जाड तार शेवटी.
लाकूड एकदाच कुरकुरतं.
आम्ही दोघं श्वास धरून,
घोडीच्या मागच्या कडेवर पोस्टकार्ड टेकवून.
शिरत नाही.

ऑर्लांदा वाजवत नाही. तिला येत नाही वाजवायला.
ती गिटार उचलते, भोकाशी नाक नेते,
बराच वेळ हुंगते.
सरस वाळला तरी शेळीचा वास थोडा राहतोच.
ती माझ्याकडे बघते, मग एडमिल्सनकडे,
तो लगेच फरशी झाडू लागतो.

पैसे मोजून टेबलावर ठेवते.
मोजे पुन्हा आत कोंबत नाही.